ऑपरेशनला अख्खे पान, गोळीला एक ओळही नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला, पोटातल्या बाळाच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करण्याविषयीचा पानभर लेख वाचला. मथळा मोठा, चित्रे रंगीत. दुकान बंद केल्यावर रात्री तो पुन्हा वाचून काढला, हातात पेन घेऊन, कारण एवढ्या मोठ्या लेखात ती एक गोष्ट नसेल यावर विश्वास बसेना. पण नाहीच. हा मणक्याचा दोष टाळायला मदत करणाऱ्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीचा उल्लेख अख्ख्या पानावर कुठेही नाही.

शस्त्रक्रियेचे मोल मला कमी करायचे नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीचे आकडे तुम्ही बरोबर दिले आहेत. या दोषात (स्पायना बायफिडा) मणका नीट न मिटल्याने पाठीवर राहिलेली फट गर्भातच, 26 आठवड्यांच्या आत शिवली, तर डोक्यातले पाणी उतरवायला पहिल्या वर्षात शंट, म्हणजे एक नळी, लागण्याचे प्रमाण 82 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आले. आधाराशिवाय चालणारी मुले दुप्पट झाली. फायदा इतका उघड दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. पण पोटातले ऑपरेशन करूनही शंभरातल्या चाळीस बाळांना नळी बसवावी लागली, बरीच बाळे दिवस भरण्याआधी जन्मली, आणि आईच्या गर्भाशयावर असा छेद राहतो की पुढचे प्रत्येक बाळंतपण सिझेरियननेच करावे लागते, हे वाचकाला कोण सांगणार?

त्याच्या वीस वर्षे आधी, 1991 मध्ये, आणखी एक चाचणी अशीच मुदतीआधी थांबवली होती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची. सात देशांतली 33 केंद्रे तिच्यात होती. आधीच्या बाळात किंवा गर्भात हा दोष निघालेल्या बायकांना पुढच्या खेपेला, दिवस राहण्याआधीपासून, रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले आणि दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतून आलेल्या अभ्यासात, आधी असे काही न घडलेल्या बायकांनाही फॉलिक ॲसिड असलेल्या गोळ्यांचा उपयोग होतो हे दिसले. याला आता तीस वर्षे उलटून गेली. या गोळीला ना परदेशी सर्जन लागतो, ना ऑपरेशन थिएटर.

अडचण आहे ती वेळेची. पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 व्या दिवसापर्यंत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तोवर बाईला नुसती शंका असते, घरात कुणाला बोललेलीही नसते. दवाखान्यात नाव घालायला जातात तिसऱ्या महिन्यात. तेव्हा हातात पडलेली गोळी आईच्या रक्ताला चांगली, पण बाळाच्या पाठीपुरता उशीर झालेला असतो. मूल हवे असणाऱ्या बाईने आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असे सरकारी सूचनांतही लिहिलेले आहे. माझे सोलापूरच्या पूर्व भागात औषधाचे दुकान आहे, वडिलांपासूनचे. लग्न ठरलेली मुलगी किंवा घरातली नवी सून ही गोळी मागायला आलेली मला आठवत नाही. पाळी पुढे ढकलायची गोळी मात्र मागतात, घरी सत्यनारायण आहे म्हणून.

मी हे एवढे लावून का धरतो ते सांगतो. माझ्या भाचीचा मुलगा असाच जन्मला. पाचव्या महिन्यात व्हायला हवी ती सोनोग्राफी सातव्यात झाली, आणि त्यानंतर हातात काही उरले नव्हते. बाळ झाले तेव्हा कमरेच्या वर, मणक्यावर, लिंबाएवढी लालसर पिशवी होती. तिच्यावर कातडी नाही, नुसता पापुद्रा, आणि त्यातून पाणी पाझरत होते. नर्सने सलाईनमध्ये भिजवलेले गॉज त्यावर ठेवले आणि बाळाला पालथे निजवले. वॉर्डातली बाकीची बाळे उताणी, हे एकटे पालथे. भाची सारखी विचारत होती, मामा, याला पाजू कसं?

पुण्याला नेऊन पाठ शिवली. पुढे टेपने मोजताना डोक्याचा घेर वाढत चाललेला दिसला तेव्हा शंट टाकला. आज तो शाळेत जातो. दोन्ही पायांना कॅलिपर आहेत, गणितात वर्गातल्या कुणाला ऐकत नाही. केस कापताना न्हाव्याला आधी सांगावे लागते, कारण कानामागून मानेवर उतरणारी नळी कातडीखाली बोटाला लागते. लघवीची जाणीव नाही, म्हणून ठरावीक तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून ती काढावी लागते. ही साधी, हात स्वच्छ धुऊन घरच्या घरी करायची पद्धत 1972 मध्ये लॅपिडीस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडली आणि अशा मुलांची मूत्रपिंडे वाचू लागली. भाची रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाते. तिथल्या बाथरूमची कडी तुटलेली आहे, म्हणून एका पायाने दार दाबून धरते आणि हातांनी कॅथेटर घालते. तुमच्या लेखात मूल चालू लागले की गोष्ट संपते. आमच्या घरात ती तिथून पुढे रोज चालू आहे.

खरा राग मला आला तो डिस्चार्ज कार्ड बघून. औषधे, ड्रेसिंग, पुन्हा दाखवायची तारीख, सगळे नीट लिहिलेले होते. पुढच्या गरोदरपणाविषयी एक शब्द नव्हता. एकदा असे बाळ झालेल्या आईला पुढच्या खेपेला धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तिला साध्या गोळीच्या दहापट मात्रा लागते. हे ज्यांनी सांगायचे त्यांनी सांगितले नाही. मी भाचीला डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावली आणि दिवस राहण्याच्या कितीतरी आधी तिला 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, धडधाकट आहे. गोळीमुळेच ती धडधाकट झाली असे म्हणायचा मला अधिकार नाही. पण गोळी न देता तिला पुन्हा त्याच वाटेने पाठवणे हा अन्याय ठरला असता.

आणि या सगळ्यात घरात दोष कुणाला? पोराच्या आईला. बारशाला पाहुण्यांसमोर तिची सासू म्हणाली, "ग्रहणात विळीवर भाजी चिरत बसली, मग दुसरं काय होणार?" भाची पाळण्याजवळ उभी होती. तिने मान वर केली नाही. संपादक महाशय, मागच्या ग्रहणाच्या आदल्या दिवशी तुमच्याच अंकात गर्भवतींसाठी चौकट होती: चिरू नये, शिवू नये, झोपू नये. ते कात्रण त्या सासूबाईंनी देवघरात जपून ठेवले आहे. वर्तमानपत्रात आले म्हणजे खरेच, असे त्या म्हणतात. तुमच्या छापील शब्दाचे आमच्या भागात एवढे वजन आहे. म्हणून तर कालच्या लेखाचे दुःख जास्त.

रेशनच्या तांदळातून आता जीवनसत्त्वे मिळतात, असे एक वाक्य लेखात आहे. त्या फोर्टिफाइड तांदळात किलोमागे 75 ते 125 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रोज पाव किलो तांदूळ खाल्ला तरी 400 चा दहावा भागसुद्धा पोटात जात नाही, आणि सोलापुरात तर दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. अमेरिकेत 1998 पासून पिठात फॉलिक ॲसिड घालणे सक्तीचे आहे आणि तिथे हे दोष चतुर्थांशाहून जास्त घटले. 2023 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने अन्नातून फॉलिक ॲसिड द्यावे असा ठरावच केला. आपल्याकडे गव्हाचे पीठ घेतले तर भाकरी खाणारी बाई सुटणार. मीठ मात्र सगळ्यांच्या घरात जाते. त्यात आयोडीन घालता आले तर फॉलिक ॲसिड का नाही, यावर तुमच्या बातमीदाराने लिहावे.

माझी मागणी साधी आहे. दर रविवारी तुमच्या अंकात वधू-वर सूचक पान असते. आमच्या भागात ते पान आधी वाचतात, बाकीचा पेपर नंतर. त्या पानावर दर आठवड्याला चार ओळी छापा: मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज फॉलिक ॲसिडची गोळी घ्या. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर मात्रा वेगळी, ती डॉक्टरांना विचारा. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हा धोका वाढतो. पण फिट्सची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, लग्नाआधीच डॉक्टरांशी बोला. जाहिरातीचे पैसे लागत असतील तर मी भरीन.

आपला,
पूर्व भागातील एक औषध विक्रेता, सोलापूर
(नाव-पत्ता सोबत दिला आहे. कृपया छापू नये, भाचीच्या सासरी तुमचाच पेपर येतो.)

ता. क. त्याच पानाच्या तळाशी, बाळ डोक्यावर पडले तर ताबडतोब सीटी स्कॅन करून घ्या, अशी चौकट आहे. आज सकाळीच एक आजी ती घेऊन दुकानात आल्या. "पोरगं पलंगावरनं पडलंय, हे स्कॅन करायला लागतंय काय ओ?" पोरगे त्यांच्या कडेवर बसून माझी गोळ्यांची बरणी ओढत होते. अमेरिकेत 42 हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास होऊन 2009 मध्ये याचे निकष प्रसिद्ध झाले आहेत. दोन वर्षांखालचे बाळ नेहमीसारखे वागत नसेल, गुंगीत असेल, शुद्ध हरपली असेल, कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला किंवा मागे टेंगूळ असेल, हाताला कवटीचे हाड मोडल्यासारखे लागत असेल, किंवा तीन फुटांहून उंचावरून पडले असेल, तर तडक हॉस्पिटल गाठावे. स्कॅन करायचा की लक्ष ठेवायचे हे डॉक्टर ठरवतील. यातले काहीच नसेल तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता फारच कमी असते, आणि कोवळ्या डोक्याला विनाकारण किरण देण्यात शहाणपण नाही. चौकटीत खरे तर दुसरी एक ओळ हवी होती. रडे थांबत नाही म्हणून तान्ह्या बाळाला धरून गदागदा हलवले तर बाहेर ओरखडाही न दिसता कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. गुथकेल्च या इंग्लंडमधल्या न्यूरोसर्जननी हे 1971 मध्येच लिहून ठेवले आहे. ती ओळ घालून, स्कॅनचे वाक्य दुरुस्त करून, ही चौकट येत्या रविवारी त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा छापावी.