ब्लड कॅन्सर शेजाऱ्याला लागत नाही

मा. संपादक,
आमच्या सिडकोतल्या गल्लीत ७ वर्षांच्या पोराला ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, निघाला. महिनाभर ताप येत-जात होता, मार न लागता पायावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, आणि आम्ही सगळे म्हणतोय अशक्तपणा आहे, बीट खाऊ घाला! शेवटी सीबीसी ही रक्ततपासणी केल्यावर कळलं. आता लोक आपली मुलं त्याच्याकडे खेळायला पाठवत नाहीत, फार वाईट वाटतं. अहो, हा संसर्गजन्य नाही, बोन मॅरोतल्या (हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजातल्या) पेशींच्या जनुकांमध्ये बिघाड होतो, रेडिएशन किंवा बेन्झिन या रसायनाने धोका वाढतो पण बहुतेकदा नेमकं कारण सापडतच नाही, आईबापाची चूक तर नसतेच. लहान मुलांतल्या एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) प्रकारात केमो २ ते ३ वर्षं चालते, पूर्ण घेतली तर बहुतेक मुलं बरी होतात, मध्येच सोडू नका. आणि भेटायला जाताना हात धुवा, मास्क लावा, इन्फेक्शनची भीती त्याला आपल्यापासून आहे.
– एक वाचक, सिडको, नाशिक