पीडितेचा शब्द ऐकू येईल असे चित्रीकरण हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुले, दिव्यांग व्यक्ती आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडिता यांचे जबाब चित्रित करण्याची सोय कायद्यात आहे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २६ मध्ये ती २०१२ पासूनच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ ने तर बलात्कार पीडितेचा जबाब मोबाइलवरही घेता येईल असे स्पष्ट म्हटले आहे. दिव्यांग पीडितेची फिर्याद चित्रित करणे कलम १७३ नुसार बंधनकारकच आहे. आता प्रश्न उरतो तो चित्रीकरणाच्या दर्जाचा. त्याकडे सातारा आणि सांगलीच्या पोलीस अधीक्षकांनी जातीने लक्ष द्यावे, यासाठी हे पत्र.

पहिली अडचण आवाजाची. चित्र थोडे अंधारे असले तरी चालून जाते, पण मुलीचे पुटपुटणे कळले नाही तर हाती काहीच उरत नाही. मोबाइल टेबलापलीकडे ठेवला की विचारणाऱ्याचा आवाज ठणठणीत येतो आणि तिचा पंख्याच्या घरघरीत बुडतो. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात पत्र्याखाली बसलात तर विचारायलाच नको. उपाय स्वस्त आहे. कॉलरला लावायचा छोटा माइक तिच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, पंखा बंद करावा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावे. हे ऐकणे राहून जाते आणि बिघाड दोषारोपपत्राच्या वेळी कळतो.

मोबाइल हातात न धरता स्टँडवर, बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. तिच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा पडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सोय असेल तर सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रीकरण करावे. ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकते. तासाभराच्या फुल एचडी चित्रीकरणाला सहा ते आठ जीबी जागा लागते, तेव्हा मोबाइल आधी रिकामा आणि चार्ज केलेला हवा. मूकबधिर व्यक्तीचा जबाब असेल तर तिचे दोन्ही हात आणि दुभाष्याचेही हात पूर्ण वेळ चौकटीत पाहिजेत. फक्त चेहरा घेतला तर तिचा जबाबच चौकटीबाहेर गेला.

पण खरी मेख प्रश्नांत आहे. "त्याने तुला इथे हात लावला ना?" असे विचारले की उत्तर मुलीचे राहत नाही, बचाव पक्ष त्यावरच बोट ठेवतो. "काय झालं ते सगळं सांग" आणि मग "पुढे काय झालं?" एवढ्यावर बरेच काम होते. प्रश्न विचारून दहा सेकंद गप्प बसणे सर्वांत अवघड, पण ती शांतता भरून काढायची घाई करू नये. "किती वेळा?" हा प्रश्न लहान मुलाला विचारू नये, ते काहीतरी आकडा सांगते आणि न्यायालयात दुसरा सांगते. "एकदाच की जास्त वेळा?" असे विचारून शेवटच्या वेळेपासून सुरुवात करावी. "तू ओरडली का नाहीस?" यातून तर दोषच तिच्या माथी बसतो. मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी पाच मिनिटे "काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?" असे बोलते करावे, आणि "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, माझं चुकलं तर मला सांग" हे कॅमेऱ्यासमोर सांगावे. आई किंवा विश्वासातली व्यक्ती सोबत असण्याचा हक्क पोक्सोत आहेच, फक्त तिला मुलीच्या थोडे मागे बसवावे आणि मध्ये बोलू नये हे आधीच समजावून द्यावे.

यानंतर लेखी जबाब. चित्रीकरणात मुलगी म्हणते, "काकानं मला मांडीवर घेतलं, मला नको वाटलं." कागदावर उतरते, "सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले." सात वर्षांची मुलगी असे बोलत नाही, हे न्यायाधीशांना कळते. दोन्हींतली तफावत उलटतपासणीत तिच्याच अंगावर येते. म्हणून तिचे शब्द, अवयवाला ती जे म्हणते त्या शब्दासकट, जसेच्या तसे उतरवावेत. जत तालुक्यात कन्नड बोलणारे मूल असेल तर तिथल्या तिथे नातेवाइकाला दुभाषी करू नये. दुभाष्याने वाक्यागणिक मराठी करावे आणि मुलाचे मूळ कन्नड रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ राहावे.

फाइल जपण्यातही गफलत होते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते, हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची अंक-अक्षरी ओळखखूण) बदलते आणि मूळ फाइलशी जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हे मूल्य लिहायचे असते, म्हणून ते रेकॉर्डिंग संपताच काढून नोंदवावे. अंमलदाराच्या खासगी मोबाइलवर असा जबाब घेऊच नये. पीडितेची ओळख उघड झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मुलीचे झालेले नुकसान त्या शिक्षेने भरून निघत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये असे चित्रित जबाब न्यायालयात मुख्य साक्ष म्हणून दाखवता येतात. आपल्याकडे ही सवलत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या जबाबाला आहे. बाकीच्यांना पुन्हा साक्षीला उभे राहावेच लागते, म्हणून पहिल्या जबाबातली चूक त्यांना जास्त महागात पडते.

मागणी मोठी नाही. प्रत्येक पोलीस ठाण्याला एक स्टँड, दोन माइक, हेडफोन आणि शासकीय मोबाइल द्यावा. शिवाय दर महिन्याला दोन रेकॉर्डिंग एखाद्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्याने हेडफोन लावून पूर्ण ऐकावीत आणि उत्तर सुचवणारे प्रश्न किती आले ते मोजून संबंधितांना सांगावे. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की याची निकड वाढते. ऊसतोड मजुरांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, एकांत नसतो. मुलाला चालत असेल तर सुटीनंतर जिल्हा परिषद शाळेची खोली घ्यावी, अधिकारी साध्या वेशात असावा, आणि टोळी परतण्याआधी मूळ गावचा पत्ता व पालकांचा संपर्क कागदपत्रांत यावा.

आपले,
पोक्सो प्रकरणांत साहाय्य करणारे वकील व कार्यकर्ते, सांगली