सगळ्या घराच्या किल्ल्या एकीच्याच पर्समध्ये का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला कमी सामानात प्रवास करण्याबद्दलचा लेख वाचला. रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला आणि दुपारची कामं बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले. लेखातल्या बऱ्याच गोष्टी पटण्यासारख्या आहेत, हे आधीच सांगते. कपडे गुंडाळून भरावेत, जड बूट पायातच घालावेत, बॅगेला ओळखीची रंगीत फीत बांधावी, बर्थखालच्या कडीला साखळी-कुलूप लावावं, यावर माझं काही म्हणणं नाही. माझा राग आहे तो सहाव्या मुद्द्यावर. सर्वांची ओळखपत्रं, रोकड, किल्ल्या आणि औषधं एकाच पर्समध्ये ठेवावीत आणि ती पर्स घरातल्या गृहिणीने सतत जवळ बाळगावी, असं आपण छापलं आहे. लेखकाने घरच्यांबरोबर रात्रीचा प्रवास केला असेल, तर ती पर्स त्यांच्या हातात नव्हती, हे मी खात्रीने सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इंदूरहून पुण्याला निघालो होतो, भाच्याच्या मुलाची मुंज होती. हे, मी, मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. दोन सुटकेस, एक पिशवी आणि माझी पर्स, बस्स. तुमच्या लेखकाने पाठ थोपटली असती इतकं कमी सामान. घरातून निघताना यांनी पाकीट माझ्याकडे दिलं, "खिशातून पडेल, तुझ्याकडेच राहू दे." रिक्षात मुलाने दोन्ही सुटकेसच्या किल्ल्या दिल्या. फलाटावर सुनेने मंगळसूत्र काढून रुमालात बांधून दिलं, कारण गाडीत गळ्यात नको असं तिच्या आईने फोनवर बजावलं होतं. जेवण झाल्यावर यांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचा डबा आत गेला, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. घराच्या किल्ल्या होत्याच. पाचही आधार कार्डं मी स्वतः प्लास्टिकच्या पाकिटात घालून, वर रबर लावून ठेवली होती. पर्स इतकी फुगली होती, की एका हाताने दोन्ही बाजू आवळून धरल्याशिवाय चेन सरकत नव्हती.

मग सगळे झोपले. पर्स उशीखाली, पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे, अशी मी खालच्या बर्थवर पडून होते. सुरत गेलं तेव्हा मी जागी होते. त्यानंतर कधीतरी डोळा लागला. वसईच्या सुमारास जाग आली, तेव्हा मनगटाला पट्टा तसाच होता, दोन वेढ्यांसकट. पर्स नव्हती. दोन्ही टोकं ब्लेडने कापलेली होती, इतकी सरळ की एकही दोरा लोंबत नव्हता.

मी यांना उठवलं. यांचं पहिलं वाक्य होतं, "तुला झोप लागलीच कशी?"

साठी उलटलेल्या बाईला, दिवसभर पाच जणांची बांधाबांध करून, रात्री दोन वाजेपर्यंत जागल्यावर झोप लागली. चार माणसं संध्याकाळपासून निवांत झोपली होती, त्यांना कुणी विचारलं नाही. माझा राग चोरावर जितका आहे, तितकाच या प्रश्नावर आहे, आणि आपल्या सहाव्या मुद्द्यात तोच प्रश्न दडलेला आहे, म्हणून हे पत्र.

पुढचं थोडक्यात सांगते. मुलाने रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला फोन लावला, पुढच्या स्टेशनवर पोलीस डब्यात आले, तक्रार लिहून घेतली. पर्समध्ये काय काय होतं ते सांगताना हवालदारांचं लिहिणं थांबलं. "आजी, घराच्या किल्ल्या आणि आधार कार्डं एकत्रच होती?" तोपर्यंत ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. किल्ली आणि पत्ता दोन्ही एकाच माणसाच्या हातात, आणि इंदूरचं घर रिकामं. पोटात गोळा आला. पहाटे शेजारच्या काकूंना उठवलं. त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःकडचं गोदरेजचं कुलूप काढून आमच्या दाराला घातलं आणि त्यांचा मुलगा आम्ही परत येईपर्यंत आमच्या ओट्यावर झोपला. पुण्यात भाच्याने सुटकेसची कुलपं पेचकसाने उचकटली. यांच्या गोळ्यांची नावं कुणालाच नीट सांगता येईनात, म्हणून इंदूरला डॉक्टरांचा दवाखाना उघडेपर्यंत थांबावं लागलं. मंगळसूत्राबद्दल सून मला एका शब्दाने बोलली नाही. तिचं न बोलणं मला यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता नवव्या मुद्द्याबद्दल. चोरी झाल्यास रेल्वेकडून भरपाई मिळू शकते, असं एका ओळीत लिहून लेखक मोकळे झाले. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १०० त्यांनी वाचायला हवं होतं. जे सामान रीतसर बुक करून पावती घेतलेली नाही, जे आपण आपल्याजवळ बाळगतो, त्याची जबाबदारी रेल्वेवर येत नाही. रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करता आलं, तरच येते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. त्या प्रवाशाने एक लाख रुपये कमरेच्या पट्ट्यात बांधले होते, तरी ते गेले. प्रवाशाला स्वतःचं सामान सांभाळता आलं नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कमरेला बांधलेलंही जातं, हे मला त्यातून कळलं. म्हणजे जागा कितीही पक्की शोधा, सगळं एका जागी असेल तर सगळंच जातं.

लहानपणी आमच्याकडे असं नव्हतं. तेव्हा इंदूरहून मुंबई-पुण्याकडे जायचं म्हणजे छोट्या लाइनीने खंडव्याला उतरायचं आणि तिथे मोठ्या लाइनीची गाडी पकडायची. सामान आताच्या तिप्पट असे. दोन ट्रंका, होल्डॉल, फराळाचा डबा, आईची वळकटी, कापडी पिशवी आणि फिरकीचा तांब्या. दादा, म्हणजे माझे वडील, निघतानाच सांगायचे, "सात नग." प्रत्येक नगाला एक धनी. मी सगळ्यांत धाकटी, माझ्याकडे तांब्या. खंडव्याच्या फलाटावर उतरलो की दादा मोठ्याने म्हणायचे, "नग!" आणि आम्ही आपापल्या वस्तूवर हात ठेवून क्रमाने आकडा सांगायचा. माझा सातवा. वाटेत कालाकुंड स्टेशनवर कलाकंदाचा पुडा घेतला, की तो आठवा नग होई आणि मोठ्या भावाच्या वाट्याला जाई. सात वर्षांची होते तेव्हापासून तो तांब्या मी कधी गाडीत विसरले नाही. पैसे दादांच्या बंडीच्या चोरखिशात, थोडे आईच्या कनवटीला, थोडे ट्रंकेत कपड्यांच्या घडीत. तिकिटं दादांकडे, किल्ल्या आईकडे. सामान भरपूर होतं, पण ते एकटीच्या गळ्यात नव्हतं.

लेखात दरडोई ४० किलोंच्या मर्यादेचा दाखला दिला आहे. ती स्लीपर आणि थ्री टिअरची मर्यादा, टू टिअरला ती ५० आहे. पाच मोठ्या माणसांच्या कुटुंबाला दोनशे किलो नेता येतात, आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो. अडचण वजनाची नाहीच. मोजायचेच तर किलो मोजू नका, नग मोजा, आणि प्रत्येक नगाचा धनी ठरवा.

मुंजीहून परत आल्यावर मी आठवडाभर मशीनवर बसले. जुन्या सुती परकराच्या कापडाचे, चार बाय सहा इंचांचे तुकडे कापले आणि घरातल्या प्रत्येकाच्या प्रवासाच्या कपड्यांना आतून चोरखिसे शिवले. तीन बाजूंनी दुहेरी शिलाई, वर दोन टिचबटणं. यांच्या बंडीला डावीकडे, मुलाच्या पँटला आतून कमरेशी, सुनेच्या कुर्त्याला बाजूच्या शिवणीत, माझ्या परकराला नाडीखाली. आता ज्याचं आधार त्याच्याकडे, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये त्याची प्रत आहे, गाडीत ती चालते. रोख रकमेचे पाच वाटे. औषधं ज्याची त्याच्याकडे, तीन दिवसांच्या जादा गोळ्या दुसऱ्या बॅगेत, चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनवर. घराची एक किल्ली शेजारी, दुसरी आमच्यापैकी एकाकडे, आणि किल्लीजवळ पत्ता असलेला एकही कागद नाही. नातवाकडे त्याची पाण्याची बाटली आणि स्वेटर, आणि स्टेशनवर नग तोच मोजून घेतो. रात्री जागायचं असेल, तर दोन-दोन तासांच्या पाळ्या. यांचीही पाळी असते.

खाद्यपदार्थ सोबत नेऊ नयेत, असाही एक मुद्दा आहे. तो आम्हा इंदूरकरांकडून पाळला जाणार नाही. पुण्यातल्या पाच घरांना अर्धा-अर्धा किलो शेव नेल्याशिवाय मी कुणाच्या दारात पाऊल ठेवणार नाही. जाताना अडीच किलो शेव, येताना तेवढीच बाकरवडी. त्या पिशवीचा धनी माझा मुलगा आहे.

आता आपल्याकडे विनंती. पुढच्या पुरवणीत सहाव्या आणि नवव्या मुद्द्याची दुरुस्ती छापा, आणि सहाव्यातून 'गृहिणीने' हा शब्द काढा. सुट्ट्या लागत आहेत. तो लेख वाचून कितीतरी घरांत चार माणसं आपली पाकिटं एका बाईच्या पर्समध्ये टाकतील आणि झोपी जातील.

आणखी एक. दर महिन्याला येणारं बृहन्महाराष्ट्राचं पान गेल्या वर्षापासून आपण बंद केलंत. ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या मंडळांच्या बातम्या मला त्यातूनच कळत. इंदूरला आपला छापील अंक मिळत नाही, मी नातवाच्या टॅबवर अक्षरं मोठी करून वाचते आणि वर्गणी मात्र पूर्ण भरते. दोन पत्रं पाठवली, पोचसुद्धा आली नाही. या पत्राची पोच तरी द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर