जिताड्याचा तलाव सातबारावर कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 22 एप्रिल 2025 रोजी घेतला. तेव्हापासून कोकणातल्या मत्स्यशेतीच्या संधींवर आपल्या दैनिकात बरंच छापून आलं. समुद्रातले पिंजरे, निर्यातीची कोलंबी, कोटींची गुंतवणूक. मी सगळं वाचते. पण अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, घराच्या मागच्या दारी तलावात जिताडा मासा वाढवायचा जो धंदा पिढ्यान्पिढ्या चालू आहे, त्याबद्दल एक ओळ दिसली नाही. म्हणून हे पत्र.

आमचा तलाव सहा गुंठ्यांचा. सासऱ्यांच्या वडिलांनी घराचं जोतं भरायला माती काढली, तेव्हाचा. त्यात जिताडा वाढवायचा ही इथली जुनी रीत. हा मासा समुद्राच्या तोंडाशी अंडी घालतो आणि पिल्लं भरतीबरोबर खाडीत, ओहोळात शिरतात. खारं, मचूळ, गोडं, कुठलंही पाणी त्याला चालतं. पावसाळ्यात तलाव गोड्या पाण्याने भरला आणि मे महिन्यात तेच पाणी खारटलं तरी तो तग धरतो. तलावात चिलापी (तिलापिया) मासळी असतेच. ती न सांगता वाढते आणि तिची पिल्लं खाऊन जिताडा मोठा होतो. वरून थोडा जवळा घातला की झालं. साहेबाच्या टेबलावर काम अडलं की घरी जिताडा पोचता करायचा, ही या तालुक्याची जुनी पद्धत, त्यामुळे सरकारी खात्यांना हा मासा ओळखीचा नाही असं कोणी म्हणू नये.

आता हिशेब. सहा गुंठ्यांत भात केलं तर खारेपाटात फार तर दीड क्विंटल निघेल. 2025-26चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास, त्यातून नांगरणी-लावणी वजा. त्याच सहा गुंठ्यांच्या पाण्यात मी दोनेकशे बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, सोडते. वर्षभराने शंभर-सव्वाशे मासे हाती लागतात, किलोच्या मागेपुढे. पेणच्या बाजारात सातशेच्या खाली मी देत नाही. बोटुकली, जवळा, जाळीवाल्यांची मजुरी जाऊन चाळीस-पंचेचाळीस हजार उरतात. बंगला बांधता येत नाही, पण पोरीच्या कॉलेजची फी निघते. गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही. मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली आणि 2024च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, तेव्हापासून शनिवार-रविवारी मुंबईचीच माणसं जिताडा विचारत येतात.

पण चांगला भाव मिळतो तेव्हा मासा आमच्या हाती नसतो. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दिवसांत ताज्या माशाला सोन्याचा भाव, आणि गटारीच्या आदल्या दिवशी तर विचारूच नका. त्यानंतर श्रावण, मग कुणी फिरकत नाही. म्हणजे कमाईचे दिवस मोजके, आणि नेमका तेव्हा तलाव तुडुंब भरलेला. मासा पसरतो, जाळ्यात येत नाही, बांधावरून पाणी गेलं तर निघूनही जातो. म्हणून सगळे तलाववाले मे महिन्यात पाणी आटलं की एकदमच मासे काढतात आणि एकमेकांचा भाव पाडतात. दोन वर्षांपासून मी तलावाच्या एका कोपऱ्यात बांबू रोवून उंच जाळ्याचं कुंपण करते आणि मेमध्ये धरलेले मोठे मासे त्यात राखून ठेवते. आषाढात लागतील तसे काढते. यासाठी अनुदान लागत नाही. लागते ती रात्रीची वीज. ढगाळ दिवसांनंतर पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी पडतो आणि मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. तेव्हा हवा देणारं यंत्र चालू नसेल तर उजाडेपर्यंत सगळे पांढरे पोट वर करून तरंगतात. शेतीचा दर्जा आल्यामुळे शेतीच्या दराने वीज मिळणार हे चांगलंच, पण पावसाळ्यात ती रात्रभर टिकली पाहिजे.

दुसरी अडचण पिल्लांची. पूर्वी पावसाळ्यात ओहोळाच्या तोंडाशी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकला की जिताड्याची पिल्लं मिळायची. अंबा नदी आणि पाताळगंगा दोन्ही धरमतरच्या खाडीला येतात आणि येताना वरच्या कारखान्यांचं काय काय घेऊन येतात. आता दिवसभर पाग मारून ओंजळभर पिल्लं. चेन्नईच्या 'सिबा' या केंद्रीय संस्थेने 1997 मध्येच या माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, हॅचरीत (अंडी उबवायच्या केंद्रात) तयार करून दाखवलं. तरी आमची बोटुकली अजून तमिळनाडूहून ऑक्सिजनच्या पिशव्यांतून येतात. वाटेत किती मरतील त्याची हमी कुणी घेत नाही, आणि दोनशेच्या गिऱ्हाइकाला दारात कुणी उभं करत नाही, हजारोंची मागणी हवी.

आली तरी ती एका मापाची हवीत. जिताडा भावंडालाही सोडत नाही. एकदा पिल्लं हंड्यात तासभर ठेवली होती. पाहते तर एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर. गिळणारा गिळू शकत नव्हता, गिळला जाणारा सुटत नव्हता, शेवटी दोन्ही मेले. म्हणून सुरुवातीचे दोन महिने पिल्लं सारखी निवडून, लहान-मोठी वेगळी करून वाढवावी लागतात. हे काम गावातल्या बायकांचा एखादा गट छान करील. एका तलावात बारीक पिल्लं आणून बोटभर करायची आणि आजूबाजूच्या तलाववाल्यांना विकायची. माझ्या मते खारेपाटातला खरा नवा धंदा हाच आहे. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. दोघांनी मिळून दोन-तीन गावांत हे बसवून द्यावं.

याउलट दलाल येतात ते शेतं भाड्याने घेऊन कोलंबीचे तलाव करायला. नव्वदच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने कोलंबीचे तलाव कसे बसले, हे जुन्या माणसांना विचारा. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने 50 टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा आंध्रातल्या कोलंबीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आमचा जिताडा पेणला नाही खपला तर वडखळला खपतो. आणि कोलंबीवाला तीन वर्षांनी निघून जातो, मागे राहते ती खारवलेली जमीन.

खारेपाटाची शेती आणि तलाव दोन्ही बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, भरवशावर. उधाणाला त्याला खांड (भगदाड) पडली आणि वेळेत बुजवली नाही की खारं पाणी आत येतं, भात जातं, तलावातला मासा खाडीत जातो. चार-पाच वर्षांत शेतात तिवरं (कांदळवन) उभी राहतात, आणि मग ती जमीन नावापुरतीच आपली. तिवरं तोडावीत असं मी म्हणत नाही. जिताड्याचं, बोईट माशाचं, चिंबोरीचं (खेकड्याचं) पिल्लू त्यांच्याच आडोशाला वाढतं. अशा गेलेल्या जमिनीवर चिंबोरी-पालन करता येतं आणि त्यासाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाची 2017 पासून योजनाही आहे. पण शाबूत आहेत ते काठे तरी पावसाआधी बांधा. एका हंगामाची दुरुस्ती टाळली की गावाची शेती कायमची जाते, हे आम्ही पाहिलं आहे.

शेवटचा मुद्दा माझा स्वतःचा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे, इतरांना 40. मी अर्ज करायला गेले. सातबारा मागितला. सातबारावर सासरे, त्यांचे तीन भाऊ आणि दोन आत्या. माझं नाव नाही आणि नवऱ्याचंही नाही. शिवाय त्यावर तलावच नाही, तिथे अजून भातखाचर आहे. ज्या पाण्यात माझा जिताडा पोहतो ते पाणी कागदावर नाहीच, मग विमा कशाचा उतरवणार आणि किसान क्रेडिट कार्ड कशावर मिळणार? आमच्या आळीत तलाव बायकाच पाहतात, कारण पुरुष कंपनीत पाळीला जातात. एकीलाही 60 टक्क्यांचा रुपया मिळालेला नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने आणि तलाठ्यांनी मिळून खारेपाटातल्या तलावांची एकदा गावोगाव नोंद करावी, आणि हिस्सेदारांचं संमतीपत्र व ग्रामपंचायतीचा दाखला एवढ्यावर तलाव सांभाळणाऱ्या बाईचा अर्ज घ्यावा. ही नोंद पाऊस संपल्यावर केली तर बरं, मे महिन्यात अर्धे तलाव आटलेले असतात.

आपली,
एक तलाववाली,
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड