कोनशिलेवर फरशी बसवली, वही रद्दीत गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जुन्या गढ्या, बारवा, वाडे यांवर नेहमी छापून येतं. ते वाचूनच धीर करून हे पत्र लिहिते आहे. विषय आमच्या भुसावळच्या उपनगरातल्या ख्रिस्ती उपासना मंदिराचा आहे. बांधकाम साधंच, काळ्या दगडाचं, वर पत्रा. येणारे-जाणारे त्याला 'इंग्रजांचं चर्च' म्हणतात. ते इंग्रजांचं नव्हतं, आणि ते कोणाचं होतं हे सांगणारे दोन्ही पुरावे गेल्या वर्षी एकाच महिन्यात गेले.

दिवाळीनंतर मंदिराची दुरुस्ती निघाली. ती हवीच होती. पावसाळ्यात तिसऱ्या बाकावर धार लागायची, म्हातारी माणसं छत्री उघडून बसायची. पत्रे बदलले, रंग झाला, पंखे आले. पण दाराच्या डाव्या हाताला जोत्यात कोनशिला होती, तिच्यावरही तपकिरी ग्रॅनाइटची फरशी चिकटवली. मी रविवारी गेले तोवर सिमेंट वाळलं होतं.

१९७९ साली मी लग्न होऊन इथं आले. पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला हाताला धरून त्या दगडाशी नेलं. वर '१ करिंथ. ३:११' कोरलेलं, म्हणजे येशू ख्रिस्ताखेरीज दुसरा पाया कोणाला घालता येत नाही, ते बायबलमधलं वचन. खाली वर्ष होतं, त्यातला शेवटचा आकडा बोटं लागून लागून पुसट झालेला. पोरं उपासना सुटली की त्या अक्षरांतून बोट फिरवत. माझ्या मुलीनं 'क' तिथंच गिरवला. सासूबाई सांगायच्या, चुन्याची घाणी याच अंगणात होती आणि आजेसासरे तिचे बैल हाकायचे. त्याआधी उपासना एका धाब्याच्या घराच्या ओसरीवर व्हायची.

दुसरा पुरावा म्हणजे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभेची जुनी वही. कपाट रिकामं करताना ती रद्दीच्या गठ्ठ्यात गेली. शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांना दाखवायला मी तिच्यातलं एक पान कधीकाळी उतरवून घेतलं होतं, तेवढं आता उरलंय. खिडक्यांच्या गजांसाठी जमलेल्या वर्गणीची ती यादी. एका सालदारानं आठ आणे दिले. रेल्वेतल्या एका खलाशानं एक रुपया. एका विधवा बाईपुढे लिहिलंय, 'ज्वारी दोन पायल्या, विकून पैसे जमा'. त्या गजांना आम्ही अजून हात टेकून उभे राहतो.

मला हे इतकं लागलं, त्याचं कारण माझ्या माहेरात आहे. माहेर अहमदनगरचं (आता अहिल्यानगर). वडील तिथल्या मंडळीचे चिटणीस, रविवारी दुपारी टाक घेऊन सभेची वही लिहीत बसायचे. ती मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाची. हे मिशन १८१३ साली मुंबईत उतरलं आणि १८३१ मध्ये नगरला आलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी काम केलं ते याच मिशनमध्ये. या पंथाचं मर्म आपल्या भाषेत एका शब्दात बसतं: मंडळी. वर बिशप नाही. पाळक (धर्मगुरू) कोण, इमारत कुठं, पैसा कसा खर्चायचा, हे सभासदांनी सभेत ठरवायचं. बांधणीही तशीच. डोळ्यांसमोर पुलपीट, म्हणजे प्रवचनाचा चौथरा, पुढं प्रभुभोजनाचं साधं मेज, शेजारी शब्बाथ शाळेची खोली. खानदेशात प्रामुख्यानं अलायन्स मिशनवाले आले, नगरचं मिशन नव्हे. पण सभा भरवायची आणि वही लिहायची ही रीत मला सासरीही सापडली, म्हणून मी इथं लवकर रुळले.

मोठं बिशपचं कार्यालय असलं की एखादी नक्कल तिथं सापडते. स्वतंत्र मंडळीचं तसं नसतं. वही गेली की सगळं गेलं. अमेरिकन मिशनऱ्यांनी मायदेशी पाठवलेली पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आजही नीट जपलेली आहेत. पण दोन पायल्या ज्वारी कोणी दिली, हे लिहून कोण कशाला मिशनच्या बोस्टनमधल्या कचेरीत धाडेल?

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला लंडनला गेले होते. ती हॅम्पस्टेडला राहते. एकेकाळी लंडनबाहेरचं टेकडीवरचं गाव, १८६० मध्ये रेल्वे आली आणि पुढं शहराचं उपनगर होऊन गेलं. नातवाला बाबागाडीत घालून लिंडहर्स्ट रोडवरून जाताना विटांची एक भव्य इमारत रोज लागायची. मुलगी म्हणाली, "आई, हे तुझ्या माहेरच्या पंथाचं चर्च आहे गं." मी तिथंच थांबले. १८८४ मध्ये पुरं झालेलं, वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस. लंडनचं प्रसिद्ध नॅचरल हिस्टरी म्युझियम उभारणारे तेच. पहिले पाळक रॉबर्ट हॉर्टन, त्यांनी तिथं जवळपास पन्नास वर्षं सेवा केली. ज्या लोकांच्या पाळकांना १६६२ च्या कायद्यानं इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चबाहेर काढलं, ज्यांना स्वतःच्या उपासनागृहात उघडपणे जमायची मोकळीक १६८९ मध्ये मिळाली, त्यांच्याच वारसांनी एवढं मोठं मंदिर बांधलं.

आज तिथं उपासना होत नाही. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या बहुतेक काँग्रिगेशनल मंडळ्या प्रेस्बिटेरियन पंथाशी एक झाल्या, जशा आपल्याकडे १९२४ मध्ये आणि पुढं १९७० ला नागपुरात इतर पंथांशीही झाल्या. ही इमारत रिकामी पडली. १९९२ पासून तिथं एअर स्टुडिओज आहे, संगीत ध्वनिमुद्रित होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मंडळी पांगली तरी वास्तूचं साल, बांधणारा, पाळक, सगळं लोकांना ठाऊक आहे. आमच्याकडे रविवारी बसायला जागा मिळत नाही, आणि मंदिर कोणत्या साली उभं राहिलं हे नव्या पिढीतल्या एकालाही सांगता येत नाही.

खानदेशातल्या सगळ्या मंडळ्यांना, आणि देवळांच्या, मशिदींच्या, शाळांच्या कमिट्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. दुरुस्तीला हात घालण्याआधी जुन्या दगडाचा फोटो घ्या. भर दुपारी नको, सकाळी ऊन तिरपं असताना घ्या, म्हणजे झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. कोनशिलेला ऑइलपेंट देऊ नका. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदवह्या मोबाइलनं पानोपान टिपून दोन-तीन घरी ठेवा. मोडीतली पानं वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका, मोडी वाचणारी माणसं आजही आहेत. आणि नव्वदीतल्या आजीबाईंना बाजूला बसवून विचारा, चुना कुठं दळला, पाणी कोणत्या विहिरीचं होतं.

आमच्या कमिटीतली माणसं माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली, मनानं चांगली आहेत. त्यांना दगडाचं मोल कोणी सांगितलंच नव्हतं, यात माझाही वाटा आहे. ओळखीच्या गवंड्याला मी फरशी दाखवून आणली आहे. तो म्हणतो, कडेनं छिन्नी लावत हळूहळू काढली तर खालच्या दगडाला धक्का लागणार नाही, एका दिवसाचं काम आहे. त्याची मजुरी मी देईन. कमिटीनं फक्त हो म्हणावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, भुसावळ