तुम्ही ती रेघ जोडली नाहीत, त्याबद्दल

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईच्या माघारी घर विकायचं ठरलं आणि आम्हा तिघा भावंडांत किमतीवरून धुसफूस सुरू झाली. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या एजंटाचा आकडा. एकाने आलेख नेमका मंदीच्या तळापासून सुरू केला होता. तिथून रेघ वरच जाणार! दुसऱ्याने मागितलेले भाव आणि झालेले व्यवहार एकाच रकान्यात कोंबले होते. भरभक्कम फी घेतलेल्या एका मूल्यांकनकारांना आधार विचारला, तर "मार्केटच तसं आहे" म्हणून त्यांनी हात वर केले. त्या सगळ्यांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र घराची किंमत काढताना आधी जुने दस्त काढायला लावलेत. महागड्या टाउनहाउसच्या, म्हणजे ओळीने भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांच्या बाजारात वर्षाला मोजकीच घरं विकली जातात. त्यात एखादं अवाढव्य घर गेलं की सरासरी उसळते, शेजारच्या घराची किंमत मात्र होती तिथेच असते. हे तुम्ही न कंटाळता समजावलंत. मग एकच घर पूर्वी केवढ्याला गेलं आणि पुन्हा विकताना काय आलं, अशा जोड्या लावल्यात. मध्ये मजला चढवलेली, आतून नवी केलेली घरं वगळलीत. ही पद्धत बेली, मुथ आणि नोर्स या अर्थतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडली आणि पुढे केस व शिलर या अर्थतज्ज्ञांमुळे ती सर्वदूर पोचली, हे मी नंतर वाचलं.

पण खरे आभार मानायचे आहेत ते एका छोट्या गोष्टीचे. आलेख काढताना काही वर्षं अशी आली की व्यवहार जेमतेम दोन-तीन. तिथे तुम्ही पेन्सिल उचललीत, जागा मोकळी सोडलीत आणि पुढच्या वर्षापासून रेघ पुन्हा धरलीत. दादा म्हणाला, "जोडून टाका ना, बरं दिसेल." तुम्ही शांतपणे म्हणालात, "इथे काय झालं ते मला माहीत नाही, मग जोडू कशी?" आणि त्या मोकळ्या जागेखाली व्यवहारांची संख्या बारीक अक्षरात लिहिलीत. "मला माहीत नाही" असं म्हणणारं त्या सगळ्या धबडग्यात तुम्ही पहिलंच माणूस. दादाचा चढलेला आवाज तिथे उतरला. तुमच्या बाकीच्या आकड्यांवर आमचा विश्वास बसला तो त्या मोकळ्या जागेमुळे.

ताईचा हेका होता, जागेचा भाव कधी पडत नाही, थांबू या. तिला तुम्ही अॅमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्यावरच्या श्रीमंती घरांचं सांगितलंत. पीट आयखोल्ट्स या डच अभ्यासकांनी त्या घरांचे १६२८ ते १९७३ पर्यंतचे भाव तपासून पाहिले. महागाई वजा जाता साडेतीन शतकांत किंमत साधारण दुप्पट, आणि मधले चढउतार मात्र भयंकर. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विकू या."

आपलं काम कुणी तपासणार नाही हे ठाऊक असूनही ते चोख करणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचा निभाव लागतो. एजंटांना हवा तसा आकडा देऊन तुम्हाला मोकळं होता आलं असतं.

व्यवहार गेल्या आठवड्यात पुरा झाला. वाटणीवरून तक्रार कुणाचीच नाही. दादा आणि ताईने तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितला आहे.

तुमची ऋणी,
तिघांतली धाकटी