वॉशिंग्टनचा चष्मा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतल्या चौकटीत तुम्ही जॉर्ज वॉशिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या लढाईवरून उचलून थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसवलंत. लढाई ऑक्टोबर १७८१ची, शपथ ३० एप्रिल १७८९ची. मधली साडेसात वर्षं गेली कुठे? मी तोफखान्यातला निवृत्त सुभेदार. लढाईपेक्षा मला त्या मधल्या वर्षांचंच जास्त कौतुक.

मार्च १७८३. न्यूबर्गच्या छावणीत वॉशिंग्टनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांचे पगार कित्येक महिने तटलेले. काँग्रेसची (म्हणजे तिथल्या प्रतिनिधीसभेची, आपली नव्हे) तिजोरी रिकामी. हिशेब चुकता होईपर्यंत शस्त्रं खाली ठेवू नका, अशी चिथावणी देणारं निनावी पत्र फिरू लागलं. माझी पेन्शनची थकबाकी सतरा महिने अडकली होती, तेव्हा दर सोमवारी खिडकीवर 'साहेब जेवायला गेलेत' हेच ऐकायचो. तसलं पत्र तेव्हा कुणी हातात दिलं असतं, तर खोटं कशाला बोलू, मी ते दोनदा वाचलं असतं.

१५ तारखेच्या बैठकीत वॉशिंग्टन अचानक येऊन उभा राहिला. भाषण झालं, पण चेहरे काही निवळेनात. मग काँग्रेसच्या एका सदस्याचं पत्र वाचायला घेतलं. अक्षर लागेना. अडखळला, थांबला, खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लागतो हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. तुमच्यासोबत केस पिकले, आता नजरही चालली, अशा अर्थाचं काहीसं बोलला आणि लढाईत मुरलेली माणसं रडायला लागली. बंड तिथंच विझलं.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला ॲनापोलिसला त्यानं सेनापतिपदाची सनद काँग्रेसच्या हाती परत दिली आणि घरी शेतीवर गेला. (त्या शेतावर गुलाम राबत होते, हेही छापा.) १७८७ला राज्यघटनेच्या बैठकीसाठी त्याला पुन्हा बोलावून अध्यक्ष केलं, आणि दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या ६९च्या ६९ निर्वाचकांनी त्याला मत दिलं. हातची फौज सोडून गेलेला माणूस म्हणूनच लोकांना त्याची धास्ती वाटली नाही, असं माझं मत.

जाता जाता एक. यॉर्कटाउनला आजारपण सांगून शरणागतीला दुय्यमाला पाठवणारा इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. १७९२ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या जोडीला हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती. नातवाला हे सांगितलं, तर म्हणतो, "म्हणजे आजोबा, आपण हरलेल्याच्या बाजूला?" या वेळी तो जिंकला होता, एवढं सांगून मी विषय बदलला.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
देवळाली कॅम्प, नाशिक